ताप गेल्यानंतरचे काही आठवडे

शाळेत एखादे मूल दोन-तीन दिवस तापाने गैरहजर राहणे ही काही विशेष बातमी नव्हे. पावसाळ्यात आणि थंडीच्या सुरुवातीला तर हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणांची रांगच लागते. चौथ्या दिवशी मूल येते, नाक थोडे वाहत असते, मधल्या सुट्टीत ते लंगडी खेळू लागते आणि ताप आला होता हे घरचेही विसरून जातात. जवळजवळ नेहमी असेच घडते. पण २०२० नंतर पालकसभांमध्ये एक प्रश्न वारंवार ऐकू येऊ लागला: साध्या विषाणूच्या तापानंतर मुलांच्या हृदयाला काही होते म्हणतात, ते खरे का? आणि त्यामागोमाग शिक्षकांना थेट भिडणारा दुसरा प्रश्न: मग त्याला मैदानावर पळायला लावायचे की नाही?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'क्वचित, पण होते' असे आहे. दुसऱ्याचे उत्तर नीट समजायचे तर हृदयात काय घडते ते जरा खोलात जाऊन पाहावे लागेल.

सुरुवात नाडीपासून करू, कारण ती वर्गातही मोजता येते. सहा ते दहा वर्षांचे मूल शांत बसलेले असताना त्याची नाडी मिनिटाला साधारण ७० ते ११० पडते. मिनिटाला ८५ ठोके धरले तर दिवसाचे सव्वा लाख ठोके होतात. मुलांना हा गुणाकार करायला सांगून पाहा, ती नेहमी चकित होतात. तापात शरीराचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की नाडी मिनिटाला साधारण दहा ठोक्यांनी वाढते. म्हणजे ३९ अंश ताप असलेल्या मुलाचे हृदय धडधडत असेल तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही. ताप उतरला की नाडीही उतरली पाहिजे. ताप नाही, मूल निवांत पडलेले आहे, तरीही नाडी मिनिटाला १३०-१४० पडत आहे, असे असेल तर मात्र ते हिशेबात बसत नाही. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे तो उपयोगी पडणार आहे.

आता विषाणूकडे वळू. विषाणू हृदयाला दोन अगदी वेगळ्या वाटांनी त्रास देऊ शकतो. एका वाटेने तो स्वतःच हृदयाच्या स्नायूत शिरतो. दुसऱ्या वाटेने तो हृदयात न शिरताही, बऱ्याचदा शरीरातून निघून गेल्यानंतर, त्रास होतो.

पहिल्या वाटेची गोष्ट अमेरिकेतल्या एका छोट्या गावात सुरू होते. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी कॉक्सॅकी नावाचे गाव आहे. १९४७ मध्ये त्या भागात पोलिओची साथ होती. राज्याच्या आरोग्य विभागातले गिल्बर्ट डॅलडॉर्फ आणि त्यांच्या सहकारी ग्रेस सिकल्स यांनी या गावातल्या, पोलिओसारखा लुळेपणा आलेल्या मुलांच्या विष्ठेचे नमुने तपासायला घेतले. मोठ्या उंदरांना हे नमुने टोचून काहीच होत नसे. डॅलडॉर्फ आणि सिकल्स यांनी नुकत्याच जन्मलेल्या, अंगावर पिणाऱ्या पिल्लांना ते टोचले. पिल्ले आजारी पडली. हाती लागलेला विषाणू पोलिओचा नव्हता, नवाच होता. १९४८ मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केले आणि गावाचे नाव विषाणूला कायमचे चिकटले. गावकऱ्यांना ते कितपत आवडले असेल कोण जाणे!

पुढे या विषाणूंचे 'ए' आणि 'बी' असे दोन गट पडले. मुलांच्या हातापायांवर आणि तोंडात फोड आणणारा, बालवाडीच्या शिक्षिकांना चांगलाच परिचित असलेला आजार बहुधा 'ए' गटातल्या विषाणूंमुळे होतो आणि आठवडाभरात आपोआप बरा होतो. हृदयाच्या स्नायूची ओढ 'बी' गटाला अधिक. जोहान्सबर्गच्या एका प्रसूतिगृहात नवजात बालकांमध्ये हृदयाच्या स्नायूला सूज येण्याची साथ आली होती, तिचा अहवाल १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या साथीच्या मुळाशी कॉक्सॅकी बी होता. मोठ्या माणसाला हा विषाणू जेमतेम सर्दी-ताप देऊन जातो, नवजात बाळाच्या मात्र जिवावर बेततो. उंदरांच्या पिल्लांनी दाखवलेली वयाची बाब इथे पुन्हा दिसली.

असे का व्हावे, याचा एक धागा १९९७ मध्ये मिळाला. पेशीच्या पृष्ठभागावरचे एक प्रथिन हाताशी धरून हा विषाणू आत शिरतो, असे आढळले. गंमत म्हणजे सर्दी-खोकला आणणारा ॲडिनोव्हायरस हा अगदी वेगळ्या कुळातला विषाणूही त्याच कडीला हात घालतो. हृदयाच्या स्नायुपेशी जिथे एकमेकींना जोडलेल्या असतात, तिथे हे प्रथिन असते. कोवळ्या हृदयात ते भरपूर असते आणि वयाबरोबर कमी होत जाते. आत शिरल्यावर विषाणू आपली प्रथिने बनवून घेतो. त्यांतले एक प्रथिन कात्रीसारखे काम करते आणि पेशीतल्या डिस्ट्रॉफिन नावाच्या आधारदोरीचे तुकडे करते. हे १९९९ मध्ये सिद्ध झाले. जन्मतः डिस्ट्रॉफिन नसलेल्या मुलांचे स्नायू हळूहळू निकामी होत जातात. अशी मुले काही शिक्षकांनी आपल्या वर्गात पाहिलीही असतील. म्हणजे जे त्या मुलांमध्ये जनुकातल्या दोषामुळे होते, ते इथे विषाणू काही पेशींपुरते घडवून आणतो.

यानंतर शरीराची प्रतिकारयंत्रणा धावून येते आणि विषाणू शिरलेल्या पेशी नष्ट करू लागते. कातडीवर किंवा घशात असे झाले तर नव्या पेशी तयार होऊन जागा भरून निघते. हृदयाच्या स्नायुपेशी मात्र जन्मानंतर जवळजवळ विभागत नाहीत. मेलेल्या पेशीच्या जागी चिवट तंतूंचा वण तयार होतो. तो आकुंचन पावत नाही आणि ठोक्याची विद्युत लहर त्यातून नीट जात नाही. वण लहान असेल तर हृदय त्याला सांभाळून घेते. मोठा असेल तर हृदय फुगते, किंवा त्याची लय बिघडू शकते. स्नायूच्या या सुजेला डॉक्टर मायोकार्डायटिस म्हणतात. हा आजार किती दुर्मिळ आहे हेही सांगायला हवे: फिनलंडमधल्या एका देशव्यापी अभ्यासात वर्षाला लाख मुलांमागे साधारण दोन असे प्रमाण आढळले. शंभर-सव्वाशे मुलांच्या शाळेत एखाद्या शिक्षकाची सगळी नोकरी संपेल, तरी असे मूल भेटणार नाही.

पण भेटले तर ते ओळखू येणे कठीण असते आणि खरी अडचण इथेच आहे. हृदयाचा आजार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर छातीवर हात धरलेला माणूस येतो. मूल बहुधा पोटावर हात धरते. हृदयाचा जोर कमी पडला की रक्त मागे तुंबते, यकृत फुगते आणि ताणते, आतड्यांचा रक्तपुरवठाही कमी होतो. त्यामुळे पोटदुखी, उलट्या, भूक न लागणे अशा तक्रारी असतात, आणि 'काहीतरी खाण्यात आले असेल' म्हणून जिऱ्याचे पाणी दिले जाते. दुसरे असे की, मूल जितके लहान, तितके त्याचे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलण्यात कमी पडते. वाढीव गरज ते ठोके वाढवूनच भागवते. अशा रीतीने ते बराच वेळ निभावून नेते आणि मग एकदम कोसळते. म्हणून मघाचा नाडीचा हिशेब महत्त्वाचा. पोट दुखते आहे, ताप नाही, आणि बसल्या जागी नाडी पळते आहे, अशा मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायला हवे.

मैदानाच्या प्रश्नाचे एक उत्तरही याच विषाणूने दिले आहे. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॉक्सॅकी बी टोचलेल्या उंदरांचे दोन गट केले. एका गटाला कोमट पाण्यात रोज पोहायला लावले, दुसऱ्याला आराम दिला. पोहणाऱ्या उंदरांच्या हृदयात विषाणूची वाढ कित्येक पटींनी जास्त झाली आणि त्यांतले अधिक उंदीर मेले. उंदीर म्हणजे मूल नव्हे, हे मान्य. तरीही अंगात ताप असताना 'घाम गेला की ताप जाईल' म्हणून मुलाला धावायला लावणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर ध्यानात घ्यावा.

आता दुसरी वाट. 'आजार बरा झाला आणि मग हृदय दुखावले' हा प्रकार आपल्या देशाला नवा नाही. घशात स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या जिवाणूंचा संसर्ग होतो, दोन-चार दिवसांत घसा बरा होतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, ताप येतो, हृदयाच्या झडपांना इजा होते. हा ऱ्हुमॅटिक ताप म्हणजेच संधिवाताचा ताप. पाच ते पंधरा वर्षांची, म्हणजे नेमकी शाळेच्या वयाची मुले त्याच्या तावडीत सापडतात. त्याला कारण जिवाणू असल्याने वेळेवर पेनिसिलिन दिले की तो टळतो. विषाणूंच्या बाबतीत ही सोय नाही. पण तत्त्व सारखेच आहे: जंतू जातो, त्याच्याशी लढायला उभी केलेली फौज मागे राहते, आणि तिला स्वकीय आणि परके यांतला फरक कळेनासा होतो.

१९६१ च्या जानेवारीत तोमिसाकू कावासाकी या जपानी बालरोगतज्ज्ञांकडे चार वर्षांचा एक मुलगा आला. त्याचा ताप हटत नव्हता, डोळे आणि ओठ लालभडक झाले होते, अंगावर पुरळ होते. मुलगा बरा होऊन घरी गेला तेव्हा त्याच्या कागदपत्रांवर कावासाकींनी 'निदान अज्ञात' असे लिहिले. पुढच्या वर्षी तसाच दुसरा रुग्ण आला. १९६७ मध्ये त्यांनी अशा ५० मुलांची माहिती प्रसिद्ध केली. यांतल्या काही मुलांच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्या जागोजागी फुग्यासारख्या फुगतात, हे नंतर उमगले. उपचार न झाल्यास चारांतल्या एका मुलामध्ये असे होते. या आजाराचे मूळ कारण आजही निश्चित झालेले नाही, पण एखाद्या संसर्गाने त्याची ठिणगी पडत असावी असे बहुतेकांना वाटते.

आणि मग २०२० साल आले. इटलीत बर्गामो शहर कोविडने होरपळून निघत होते. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या लक्षात आले की, कावासाकीसारखी लक्षणे असलेली मुले एकामागून एक येत आहेत. त्यांनी जुनी दप्तरे काढली. आधीच्या पाच वर्षांत अशी १९ मुले आली होती, म्हणजे सरासरी तीन महिन्यांत एखादे. १८ फेब्रुवारी ते २० एप्रिल २०२० या दोन महिन्यांत १० मुले आली होती. लंडनमध्ये एप्रिलच्या मध्यावर अवघ्या दहा दिवसांत आठ मुले रक्तदाब कोसळलेल्या अवस्थेत अतिदक्षता विभागात दाखल झाली. ही मुले एरवी धडधाकट होती. महिनाअखेरीस ब्रिटनमधल्या सर्व डॉक्टरांना सावध करण्यात आले. १० आणि १९ या आकड्यांची वर्गात नुसती तुलना केली तर १० कमीच वाटतात. काळाने भागल्याशिवाय त्यांचा अर्थ कळत नाही. दराची संकल्पना शिकवायला याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

कोडे असे होते की, यांतल्या बहुतेक मुलांच्या नाकातल्या नमुन्यात करोनाचा विषाणू सापडत नव्हता, पण रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे मात्र भरपूर होती. प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो. म्हणजे संसर्ग काही आठवड्यांपूर्वी होऊन गेला होता. अनेकांना तेव्हा नुसता खोकला झाला होता, काहींना तर तेवढाही नाही. घरात कोणी आजारी होते, एवढीच काय ती आठवण. पुढे अमेरिकेत कोविडच्या लाटेचा आलेख आणि या आजाराचा आलेख एकाखाली एक मांडले गेले, तेव्हा दुसऱ्यातली शिखरे पहिल्याच्या मागून काही आठवड्यांनी येताना दिसली. संसर्गापासून दोन ते सहा आठवडे, हे अंतर जगभर दिसून आले. मुंबईतही २०२० मध्येच चार मोठ्या रुग्णालयांनी मिळून अशा २३ मुलांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांचे मधले वय सात वर्षांच्या आसपास होते. अनेक अवयवांना एकदम सूज आणणाऱ्या या आजाराला 'एमआयएस-सी' असे नाव पडले.

संसर्ग सौम्य होता म्हणून नंतरचा आजारही सौम्यच असेल, असे इथे म्हणता येत नाही. मोठ्यांच्या कोविडमध्ये तीव्रता आणि धोका हातात हात घालून जात होते. मुलांच्या या आजारात ती जोडी तुटलेली होती. म्हणून माझ्या मते पालकांना विचारायचा प्रश्न 'किती ताप होता?' हा नसून 'कधी होता?' हा आहे.

एवढे सगळे कशामुळे होते? ऑगस्ट २०२४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने एक दार किलकिले केले. तपासलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांच्या रक्तात, आपल्याच शरीरातल्या एसएनएक्स-८ या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. करोना विषाणूच्या एका प्रथिनाचा छोटासा तुकडा या प्रथिनाच्या एका तुकड्यासारखा दिसतो. चोराचा चेहरा घरातल्याच माणसाशी मिळावा, असा हा प्रकार. उरलेल्या मुलांमध्ये काय घडते याचा शोध चालू आहे. असा घोटाळा होणे दुर्मिळच आहे. अमेरिकेतल्या २०२० मधल्या पाहणीत दहा लाख संसर्गांमागे साधारण तीनशे मुलांना हा आजार झाला. २०२२ पासून, विषाणूचे रूप बदलल्यावर आणि बहुतेकांना थोडीफार प्रतिकारशक्ती आल्यावर, तो आणखी विरळ झाला.

उपचारांबद्दल थोडे. हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून वेगळी केलेली प्रतिपिंडे शिरेतून देणे हा कावासाकीच्या आजारावरचा चाचणीत उतरलेला उपाय. एमआयएस-सी मध्येही तोच वापरला गेला. हे औषध इतके महाग आहे की, आपल्याकडे अनेक कुटुंबांना त्यासाठी कर्ज काढावे लागते. म्हणून साध्या, स्वस्त स्टिरॉइडनेही एमआयएस-सी मध्ये साधारण तसाच गुण येतो, असे पुढच्या अभ्यासांत दिसले, हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. जाता जाता एक सूचना: विषाणूच्या तापात मुलाला घरच्या घरी ॲस्पिरिन कधीही देऊ नये. त्याने यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. हृदयाच्या या आजारांत डॉक्टर कधी कधी ते देतात, पण ते मोजूनमापून आणि देखरेखीखाली.

एमआयएस-सी नंतर हृदय सावरते का? २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे ३४ टक्के मुलांच्या हृदयाचा जोर कमी झालेला आढळला. त्यांतल्या ९१ टक्के मुलांचे हृदय ३० दिवसांत आणि ९९ टक्के मुलांचे ९० दिवसांत पूर्ववत झाले. यामागेही त्या दोन वाटांमधला फरक असावा. विषाणूने पोखरलेल्या पेशी मरतात, तर सुजेने नुसत्या हतबल झालेल्या पेशी सूज उतरली की पुन्हा कामाला लागतात.

तेव्हा मैदानाच्या प्रश्नाकडे परत येऊ. साधी सर्दी किंवा दोन दिवसांचा ताप होऊन गेलेल्या, आता नेहमीसारखे जेवणाऱ्या-खेळणाऱ्या मुलाच्या हृदयाची तपासणी करण्याची काहीही गरज नाही. अंगात ताप असेपर्यंत पळणे नको, आणि ताप गेल्यावर दोन-चार दिवस त्याला त्याच्या मनाने खेळू द्यावे. मूल थकले की बसते, त्याला बसू द्यावे. एरवी उड्या मारत येणारे मूल तापानंतर दोन-तीन आठवड्यांनी वर्गापर्यंतचा जिना चढताना मध्येच थांबत असेल, किंवा कवायतीत चक्कर येऊन पडले असेल, किंवा त्याला पुन्हा ताप येऊन डोळे लाल आणि अंगावर पुरळ दिसत असेल, तर पालकांना त्याच दिवशी बोलावून घ्यावे आणि मागच्या तापाची तारीख डॉक्टरांना सांगायला लावावी. ही तारीख पालक विसरलेले असतात, हजेरीपटावर मात्र ती असते.

ज्या मुलाला हृदयाच्या स्नायूची सूज झाल्याचे निश्चित निदान झाले आहे, त्याची गोष्ट वेगळी. त्याला साधारण तीन ते सहा महिने धावण्याच्या, कबड्डी-खोखोच्या खेळांपासून दूर ठेवतात. नेमका काळ त्याचे डॉक्टर ठरवतात. वण असलेल्या हृदयाची लय जोराच्या श्रमात बिघडू शकते, म्हणून ही सावधगिरी. मूल दिसायला ठणठणीत असते, त्यामुळे स्नेहसंमेलनाच्या शर्यतीत 'एकदाच पळू दे' असा आग्रह होतो. परवानगी देण्याआधी डॉक्टर सोनोग्राफीसारखी इको तपासणी करतात, इसीजी काढतात, अनेकदा चोवीस तासांच्या ठोक्यांची नोंद घेतात आणि मोठ्या मुलांना फिरत्या पट्ट्यावर चालवून पाहतात. त्या चिठ्ठीवर 'खेळण्यास हरकत नाही' असे स्पष्ट लिहून येईपर्यंत शिट्टी वाजवण्याचे किंवा गुण लिहिण्याचे काम त्याच्याकडे द्यावे.